अल्ब्युमिन: बाटली आधी आली, पुरावा नंतर

लॅबमध्ये बीएसएची (म्हणजे गायीच्या रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रोटीनची) बाटली हाताळणाऱ्या प्रत्येकाने लेबलवर ‘फ्रॅक्शन फाइव्ह’ वाचलेलं असतं आणि बहुतेकांना ते कंपनीच्या ग्रेडचं नाव वाटतं. (पिवळसर पांढरी पावडर, पाण्यावर भुरभुरायची आणि तशीच सोडून द्यायची, घाईने ढवळलं की बीकरभर फेस.) खरं तर हे नाव दुसऱ्या महायुद्धातलं आहे. बाटली गायीच्या अल्ब्युमिनची असली तरी ती पद्धत बसवली गेली ती माणसाला टोचायच्या अल्ब्युमिनसाठीच.

त्याआधीचं सगळं पटकन उरकतो. नाव अंड्याच्या पांढऱ्या बलकाच्या लॅटिन शब्दावरून, १८९४ मध्ये घोड्याच्या रक्तातल्या अल्ब्युमिनचे क्रिस्टल मिळाले, १८९६ मध्ये रक्तवाहिनीतलं पाणी आत टिकतं ते तिथल्या प्रोटीनमुळे ही मांडणी आली, १९३७ मध्ये इलेक्ट्रोफोरेसिस (विजेच्या जोरावर प्रोटीन्स वेगळी करणं). यातली १८९६ ची मांडणी तेवढी लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोळ तिच्याच भरवशावर झालाय.

युद्धात रक्ताऐवजी काहीतरी हवं होतं, जे टिकेल, कमी जागेत मावेल आणि ब्लडग्रुप न बघता देता येईल. बॉस्टनमधल्या एका प्रयोगशाळेने थंड अल्कोहोल वापरून प्लाझ्मातली (रक्तातल्या द्रव भागातली) प्रोटीन्स एकेक करून खाली बसवली, आणि ४० टक्के अल्कोहोल, उणे ५ डिग्री, पीएच ४.८ या टप्प्याला जो पाचवा गाळ बसला तो अल्ब्युमिनचा. १०० मिलीत २५ ग्रॅम, सैनिकाच्या सामानात सहज मावणारी बाटली. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरला भाजलेल्यांना ते दिलं गेलं आणि निकाल बघून सगळे खूश झाले. गायीच्या रक्तातलं स्वस्त पडेल म्हणून तेही करून बघितलं, १९४२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका तुरुंगात कैद्यांवर चाचणी झाली, बऱ्याच जणांना सीरम सिकनेस (परक्या प्रोटीनवर शरीराची उलटी प्रतिक्रिया) झाला, एक दगावला, मग तो विषय बंद. नंतर कळलं की कॅप्रिलेट आणि असेटिल ट्रिप्टोफॅन ही दोन रसायनं स्टॅबिलायझर म्हणून घातली तर माणसाचं अल्ब्युमिन ६० डिग्रीला १० तास तापवलं तरी बिघडत नाही, त्यामुळे काविळीच्या व्हायरसची धास्तीही गेली. (त्या दोन स्टॅबिलायझरची गोष्ट पुढे येतेच.)

म्हणजे औषध रूढ झालं ते युद्धाच्या घाईत, कंट्रोल ग्रुप वगैरे प्रकार न होता. नंतरची पन्नास वर्षं तर्क एकच: पेशंटचं अल्ब्युमिन कमी दिसतंय, कमी असलेले जास्त दगावतात, मग भरून काढा. १९५४ मध्ये रक्तात अल्ब्युमिन जवळजवळ नसलेली दोन भावंडं सापडली, थोडी सूज आणि थकवा सोडला तर बऱ्यापैकी हिंडतीफिरती, तेव्हाच खरं तर कुणीतरी थबकायला हवं होतं. कमी अल्ब्युमिन हे आजाराचं कारण की आजार किती गंभीर आहे त्याची नुसती खूण, हा प्रश्न तिथेच समोर होता.

तो जोरात विचारला गेला १९९८ मध्ये. ब्रिटनमधल्या एका समीक्षा गटाने ३० रँडमाइज्ड ट्रायल्स (पेशंट चिठ्ठी टाकल्यासारखे गटांत वाटून केलेल्या चाचण्या), एकूण १४१९ पेशंट, एकत्र करून हिशोब मांडला आणि निष्कर्ष काढला की गंभीर आजारी पेशंटला अल्ब्युमिन दिल्याने दर १०० मागे ६ मृत्यू जास्त होतात, म्हणजे साधारण १७ जणांमागे एक. शिवाय सल्ला असा की नीट आखलेल्या ट्रायलच्या बाहेर हे वापरूच नका. एकच गदारोळ झाला. काहींनी लगेच वापर कमी केला, काहींनी समीक्षेचेच वाभाडे काढले: ट्रायल्स छोट्या, काही जुनाट, भाजलेले, रक्तस्राव झालेले आणि नुसतं अल्ब्युमिन कमी असलेले सगळे एकाच टोपलीत, डोस वेगळे, कंट्रोल ग्रुपला काय दिलं तेही वेगळं. आक्षेप रास्तच होते. २००१ मध्ये दुसऱ्या एका टीमने ५५ ट्रायल्स घेऊन तोच हिशोब केला तर जादा मृत्यू दिसेनात. तरी माझं मत त्या १९९८ वाल्यांच्या बाजूने झुकतं, कारण ‘३० ट्रायल्समध्ये मिळून दीड हजारही पेशंट नाहीत’ ही टीका त्यांच्यावर कमी आणि अर्धशतक हे औषध निवांत टोचत बसलेल्यांवर जास्त लागू होते. पुरावा तुटपुंजा होता, पण तो तुटपुंजा ठेवला कुणी?

उत्तर आलं २००४ मध्ये, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या १६ आयसीयूंमधून. ६९९७ पेशंट, निम्म्यांना ४ टक्के अल्ब्युमिन आणि निम्म्यांना साधं सलाईन. २८ दिवसांत मृत्यू ७२६ आणि ७२९. म्हणजे मारतही नाही आणि तारतही नाही, दोन्ही पक्ष आपापल्या परीने जिंकले. फक्त डोक्याला मार लागलेल्या ४६० जणांचं पुढे वेगळं बघितलं तर दोन वर्षांत अल्ब्युमिनवाल्यांत ३३.२ टक्के गेले, सलाईनवाल्यांत २०.४. दुसरीकडे स्पेनमध्ये १९९९ मध्येच, म्हणजे गदारोळ चालू असतानाच, सिरॉसिसमध्ये (लिव्हर कडक होत जाण्याच्या आजारात) पोटातल्या पाण्याला इन्फेक्शन झालेल्या १२६ जणांवर ट्रायल झाली होती, त्यात अँटिबायोटिकला अल्ब्युमिनची जोड दिल्यावर किडनी बिघडण्याचं प्रमाण ३३ वरून १० टक्क्यांवर आलं. गंमत बघा, तेच प्रोटीन, तीच बाटली.

तिथून ‘पाणी धरून ठेवणारं प्रोटीन’ ही ओळख पुरेनाशी झाली. बाइंडिंगवाले लोक (अल्ब्युमिनला काय आणि कुठे चिकटतं ते बघणारे) तोवर आपल्या कोपऱ्यात बरंच पुढे गेले होते: १९७५ मध्ये ५८५ अमिनो आम्लांचा क्रम, त्याच सुमारास औषधं चिकटण्याच्या दोन मुख्य जागा (एकीत वॉरफरिन, दुसरीत आयबुप्रोफेन), १९९२ मध्ये पत्त्यांतल्या बदामासारखी, म्हणजे हार्टसारखी दिसणारी त्रिमितीय रचना. आणि आता ते स्टॅबिलायझर. कॅप्रिलेट आणि असेटिल ट्रिप्टोफॅन जाऊन बसतात ते नेमके त्या दुसऱ्या जागेत, म्हणजे बाटलीतलं अल्ब्युमिन आधीच काही जागा भरून आलेलं असतं, वर त्याचं ३४ व्या क्रमांकाचं मोकळं सिस्टीन (एक अमिनो आम्ल) रक्तातल्यापेक्षा जास्त ऑक्सिडाइज झालेलं. फॅटी ॲसिड काढलेलं की न काढलेलं हा आणखी वेगळा मुद्दा. त्यामुळे ‘शुद्ध अल्ब्युमिन वापरलं’ असं कुठे वाचलं की कुठलं, ते आधी बघावं, एकाच औषधाच्या बाइंडिंगचे दोन पेपरमधले आकडे जुळत नाहीत त्याचं कारण कित्येकदा तिथेच निघतं.

लिव्हरचं भांडण अजून मिटलेलं नाही. २०१८ मध्ये इटलीत सिरॉसिसमुळे पोटात पाणी झालेल्यांना १८ महिने नियमित अल्ब्युमिन दिलं तर ७७ टक्के जगले, न दिलेल्यांत ६६. २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये सिरॉसिस बळावून ॲडमिट झालेल्या ७७७ जणांची ट्रायल आली, त्यात एका गटात पातळी लिटरला ३० ग्रॅमपर्यंत नेण्याचं टार्गेट धरून माणशी साधारण २०० ग्रॅम दिलं, दुसऱ्या गटात २०. पातळी वर गेली, इन्फेक्शन, किडनी, मृत्यू यात फरक शून्य, उलट फुप्फुसात पाणी होण्याच्या केसेस जास्त.