‘#पायऱ्या’ समोर दिसतं, मग शोधल्यावर सापडत का नाही?

मराठवाड्यातल्या बारवांच्या, म्हणजे आत उतरायला पायऱ्या असलेल्या जुन्या विहिरींच्या, नोंदी ठेवायला साधी टेक्स्ट फाइल पुरते. एका बारवेला एक ओळ, शेवटी खुणा: ‘वालूर, ता. सेलू, चक्राकार बारव #पायऱ्या #गाळ’. नोटपॅड प्लस प्लस किंवा व्हीएस कोड या टेक्स्ट एडिटरांमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एफ दाबून अख्ख्या फोल्डरमध्ये खूण शोधता येते. पण नोंदी दोघातिघांनी टाइप केल्या असतील, तर काही ओळी हटकून सुटतात. मग ‘फाइल खराब झाली’, ‘व्हायरस शिरला’ असं काहीबाही ऐकू येतं. तसं काही नसतं.

एडिटर अक्षराचा आकार बघत नाही, युनिकोडचे क्रमांक, म्हणजे प्रत्येक चिन्हाला दिलेला ठरलेला आकडा, जुळवतो. घोळ ‘ऱ्या’तल्या अर्ध्या र चा आहे. तो दोन रीतींनी लिहिला जातो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून र ची कळ दाबली की ऱ (क्रमांक ०९३१) येतो, त्यापुढे हलन्त. दुसऱ्या रीतीत साधा र (०९३०), हलन्त आणि झीरो-विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह. युनिकोडने ही रीत आवृत्ती २.० शी सुसंगती राहावी म्हणून ठेवली. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब. पण पहिल्या ‘पायऱ्या’त ७ चिन्हं, दुसऱ्यात ८. युनिकोडचं प्रमाणीकरणही (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या रीती एका रूपात आणायची पद्धत) या दोन रीती एक करत नाही, कारण जॉइनर तसाच राहतो.

यावर एआयचं ॲप विकत घ्यायची गरज नाही. संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये ज्यावर शोधनिबंध लिहिला, ती रेग्युलर एक्स्प्रेशनची, म्हणजे नेमक्या शब्दाऐवजी नमुना देऊन शोधायची, सोय या एडिटरांत फुकट आहे. (विंडोजच्या साध्या नोटपॅडमध्ये ती नाही.) शोधचौकटीत ती चालू करा आणि लिहा:

#पाय[रऱ]..?या

चौकटी कंसाचा अर्थ, र किंवा ऱ यांपैकी कुठलाही एक. टिंब म्हणजे कोणतंही एक चिन्ह. इथे ते हलन्त पकडतं. पुढचं टिंब प्रश्नचिन्हामुळे ऐच्छिक होतं, जॉइनर असेल तर पकडतं, नसेल तर सोडून देतं. कंस गाळून नुसती टिंबं दिलीत, तर ‘#पायथ्याशी’सुद्धा यादीत येऊन बसेल.

नवी खूण मात्र एकवचनी ठेवा: #पायरी. तिथे र पूर्ण आहे, म्हणून हा घोळ होतच नाही. जुन्या ओळींना वरची शोधओळ लागेलच. एकदाच बदलून टाकायच्या असतील तर आधी फोल्डरची प्रत काढा, मग बदलायच्या चौकटीत #पायरी लिहून ‘सर्व बदला’ दाबा.