अवकाशयुगाच्या इतिहासाचे जतन

अवकाशयुगाच्या इतिहासाचे जतन : अवकाशयाने व त्यांचे सुटे भाग, अंतराळवीरांचे पोशाख, उपकरणे, आराखडे, पत्रव्यवहार, छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे आणि दूरमापनाच्या (यानाकडून रेडिओने आलेल्या मोजमापांच्या) फिती मिळवणे, त्यांची नोंद करणे, त्या टिकवणे व अभ्यासकांना उपलब्ध करून देणे, असे या कामाचे स्वरूप आहे. वस्तू संग्रहालयाकडे आणि कागद अभिलेखागाराकडे अशी ढोबळ वाटणी केली जाते. ती फार ताणता येत नाही; कारण हाती असलेला भाग नेमका कोणत्या उड्डाणातला, की उड्डाण न झालेल्या राखीव यानातला, हे कागदावाचून ठरत नाही.

या कामाचा प्रारंभ निरनिराळ्या वर्षांपासून धरता येतो. वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या छत्राखाली १९४६ मध्ये राष्ट्रीय विमान संग्रहालय स्थापन झाले; १९६६ मध्ये त्याच्या नावात ‘अवकाश’ हा शब्द आला. नासाने १९५९ मध्येच स्वतःचे इतिहासविषयक काम सुरू केले होते. तथापि १९६७ चा नासा–स्मिथसोनियन करार हा प्रारंभ मानणे अधिक सयुक्तिक दिसते. नासाला नको असलेल्या ऐतिहासिक वस्तू प्रथम स्मिथसोनियनला देऊ करण्याची रीत त्याने घालून दिली आणि कोणती वस्तू कोणाकडे जाणार, हे व्यक्तींच्या मर्जीवर राहिले नाही. संग्रहालयाची सध्याची इमारत १ जुलै १९७६ रोजी खुली झाली. सोव्हिएट संघात अवकाशविज्ञानाचे आद्य प्रवर्तक त्सिओल्कोव्हस्की यांच्या नावाचे कलूगा येथील संग्रहालय ३ ऑक्टोबर १९६७ रोजी सुरू झाले; त्याची कोनशिला १९६१ मध्ये पहिले अंतराळवीर गागारिन यांनी बसवली होती. मॉस्कोतील अवकाशविषयक स्मारक-संग्रहालय १९८१ चे आहे.

प्रदर्शनातील वस्तूंची प्रतवारी सामान्य प्रेक्षकाच्या लक्षात येत नाही. प्रत्यक्ष उड्डाण केलेले यान, राखीव यान, चाचणीसाठी बनवलेला नमुना आणि निव्वळ प्रतिकृती हे चार वेगळे प्रकार आहेत. पहिला कृत्रिम उपग्रह स्पुटनिक-१ जानेवारी १९५८ मध्ये वातावरणात जळून गेला. त्यामुळे त्याचे म्हणून दाखवले जाणारे गोल प्रतिकृती किंवा चाचणी-नमुने असतात. मूळ उपग्रहाचा उरलेला भाग म्हणजे उड्डाणापूर्वी काढून घेतलेली एक छोटी धातूची कळ. ती वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे.

भारतातील एका कुपीबाबतही (यानाच्या अंतराळवीरांना घेऊन उतरणाऱ्या भागाबाबतही) असाच घोळ आहे. दिल्लीच्या नेहरू तारांगणातील सोयूझ कुपीचा उल्लेख काही ठिकाणी टी-१०, तर काही ठिकाणी टी-११ असा येतो आणि तिने राकेश शर्मांना अवकाशात नेले, असेही लिहिलेले आढळते. शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजी सोयूझ टी-११ मधून गेले आणि ११ एप्रिलला आधीपासून अवकाशस्थानकाला जोडलेल्या टी-१० मधून परतले. टी-११ ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या चमूला घेऊन उतरले. हा क्रम पाहता कुपी टी-१० ची असणे अधिक संभवनीय वाटते. तसे असल्यास तिने शर्मांना नेले नाही, परत आणले.

नोंदींतील चुकीची किंमत एका पिशवीने दाखवून दिली. माणसाला प्रथम चंद्रावर उतरवणाऱ्या अपोलो-११ मोहिमेत चंद्रावरील नमुने ठेवण्यासाठी वापरलेली ही पिशवी यादीतील क्रमांकाच्या गोंधळामुळे ओळखली गेली नाही आणि २०१५ मध्ये सरकारी लिलावात ९९५ डॉलरना विकली गेली. तिच्यात चांद्रधूळ असल्याचे तपासणीत कळल्यावर नासाने ती ठेवून घेण्याचा प्रयत्न केला. न्यायालयाने खरेदीदाराच्या बाजूने निकाल दिला. २०१७ मध्ये ती सुमारे १८ लाख डॉलरना गेली.

सर्वांत गाजलेले प्रकरण अपोलो-११ च्या फितींचे आहे. चंद्रावर पाऊल ठेवतानाचे चित्रणच नासाने हरवले, ही रूढ समजूत बरोबर नाही. चंद्रावरील कॅमेरा सेकंदाला १० चौकटी (स्थिर चित्रे) व प्रत्येक चौकटीत ३२० रेषा अशा संथ प्रमाणात चित्र पाठवीत होता. अमेरिकी दूरचित्रवाणीला त्या वेळी सेकंदाला ३० चौकटी व ५२५ रेषा लागत. म्हणून कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन व ऑस्ट्रेलियातील केंद्रांवर आलेले चित्र छोट्या पडद्यावर उमटवून त्यावर दुसरा कॅमेरा रोखला गेला. या उपद्व्यापात बरेच बारकावे गेले. जगाने पाहिले ते हे रूपांतरित चित्र, आणि ते शाबूत आहे. मूळ संथ संकेत मात्र दूरमापनाबरोबर एक इंच रुंदीच्या, १४ मार्गिकांच्या (नोंदीच्या समांतर पट्ट्यांच्या) चुंबकीय फितींवर एका मार्गिकेत नोंदला जात होता. हरवल्या त्या या फिती, सुमारे ४५. नव्या फितींचा तुटवडा पडल्याने त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष नासाच्या शोधपथकाने २००९ मध्ये काढला. त्याला थेट पुरावा नाही. तरीही फिती कोठेतरी पडून असतील या आशेपेक्षा तो अधिक ग्राह्य आहे. पुसणाऱ्यांना बोल लावणे सोपे आहे; पण त्यांच्या लेखी दूरमापनाचे काम संपले होते आणि चित्र तर प्रक्षेपित झालेच होते.

याउलट घडले ते चंद्राभोवती फिरून छायाचित्रे घेणाऱ्या लूनर ऑर्बिटर यानांच्या (१९६६–६७) सुमारे १,५०० फितींबाबत. फिती होत्या, पण त्या वाचणारी अँपेक्स एफआर-९०० ही कपाटाएवढी यंत्रे नामशेष होत चालली होती. नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतील अभिलेखपाल नॅन्सी एव्हान्स यांनी फिती टाकू दिल्या नाहीत आणि काही यंत्रे वर्षानुवर्षे स्वतःच्या गॅरेजमध्ये ठेवली. पुढे नासाच्या एम्स केंद्राच्या आवारातील बंद पडलेल्या मॅकडोनाल्ड्स उपाहारगृहात या यंत्रांची जुळवाजुळव झाली आणि ऑगस्ट १९६६ मधले चंद्रामागून दिसणाऱ्या पृथ्वीचे चित्र २००८ मध्ये कितीतरी अधिक स्पष्ट रूपात हाती आले.

वस्तूंच्या संवर्धनात पोशाख सर्वांत अवघड. अपोलोचा पोशाख २१ थरांचा. त्यात नायलॉन, रबर, प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे आणि टेफ्लॉनचा लेप दिलेले काचतंतूंचे कापड एकत्र शिवलेले असते. यांतील एकाला मानवणारी हवा दुसऱ्याला मानवेलच असे नाही. सांध्यांचे रबर कडक होऊन तडकते. पीव्हीसी या प्लॅस्टिकच्या नळ्यांतून मऊपणा देणारे द्रव्य पाझरून भोवतीच्या कापडावर डाग पडतात. हे थांबवता येत नाही, थंड व कोरड्या हवेत लांबवता येते. आर्मस्ट्राँग यांचा पोशाख २००६ मध्ये प्रदर्शनातून काढला, २०१५ मध्ये लोकवर्गणीतून त्याच्यासाठी ७ लाखांहून अधिक डॉलर जमले आणि १६ जुलै २०१९ रोजी तो नियंत्रित हवेच्या पेटीत पुन्हा मांडला गेला. त्यावरील चांद्रधूळ मुद्दाम काढलेली नाही.

सोव्हिएट बाजूस कागदांपेक्षा गुप्ततेचा अडसर मोठा होता. गागारिन यानातून बाहेर पडून वेगळ्या हवाई छत्रीने उतरले, ही गोष्ट अनेक वर्षे दडवली गेली. मुख्य अभिकल्पक कोरोल्योव्ह यांचे नाव १९६६ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतरच जाहीर झाले. वस्तूही नेहमी सुरक्षित राहिल्या नाहीत : पुन्हा वापरता येणाऱ्या बुरान या सोव्हिएट यानांपैकी अवकाशात जाऊन आलेले एकमेव यान १२ मे २००२ रोजी बैकोनूर या प्रक्षेपण केंद्रात छप्पर कोसळून नष्ट झाले, त्यात आठ कामगार मरण पावले. यूरोपीय अवकाश संस्थेची जुनी कागदपत्रे फ्लॉरेन्स येथील यूरोपीय संघाच्या ऐतिहासिक अभिलेखागारात आहेत. भारतात केरळमधील थुंबा येथील सेंट मेरी मॅग्डालेन चर्चच्या इमारतीत अवकाश संग्रहालय आहे. २१ नोव्हेंबर १९६३ च्या पहिल्या अग्निबाणाची तयारी याच परिसरात झाली.

चंद्रावर राहिलेल्या वस्तू हा अलीकडचा प्रश्न. १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार वस्तूची मालकी पाठवणाऱ्या देशाकडे राहते, पण तिच्याखालच्या जमिनीवर कोणालाच हक्क सांगता येत नाही. त्यामुळे उतरण्याची जागा वारसास्थळ म्हणून राखण्याला कायदेशीर आधार तोकडा पडतो. नासाने २०११ मध्ये अपोलो-११ च्या जागेभोवती ७५ मी. आणि अपोलो-१७ च्या जागेभोवती २२५ मी. अंतर राखण्याची शिफारस केली. २०२० च्या अमेरिकी कायद्याने अशा शिफारशी नासाच्या चंद्रविषयक करारांत घालणे आवश्यक केले. नासाशी करार नसलेल्यांना त्या लागू होत नाहीत.