बुळबुळीतपणाचा इतिहास

आमच्या नौपाड्यातल्या मेडिकलमध्ये इसबगोलचा डबा वर्षानुवर्षं खालच्या फळीवर असायचा, पोट साफ होण्याच्या चूर्णांच्या शेजारी. हल्ली तो वर काउंटरवर आलाय, शुगर तपासायच्या पट्ट्यांच्या बाजूला. मार्च २०२५ मध्ये माउंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली. त्यांची किंमत ऐकून मागे फिरलेल्या माणसाला कुणी ना कुणी इसबगोल सुचवतंच. 'गरिबांचं ओझेम्पिक' हे त्याचं नवं नाव; ओझेम्पिक हेही तसलंच एक इंजेक्शन. नाव अमेरिकेतून आलंय, माल मात्र उत्तर गुजरातेतला आणि राजस्थानातला. मूळ शब्द फारसी: अस्प म्हणजे घोडा, घोल म्हणजे कान. बी घोड्याच्या कानासारखं दिसतं म्हणून. अमेरिकेत याच बियांचा भुसा १९३४ मध्ये 'मेटाम्युसिल' या नावाने डब्यात भरून विकायला लागले, तेही पोट साफ होण्यासाठीच. मग ते साखरेच्या खात्यात कसं आलं?

इसबगोल म्हणजे मुळात तंतू, फायबर. 'आहारातला तंतू' हा शब्दप्रयोग १९५३ मध्ये हिप्सली या डॉक्टरने केला, पण तो गाजवला डेनिस बर्किटने. हा आयरिश सर्जन युगांडात काम करत होता. तिथल्या खेड्यांतल्या लोकांना चोथा भरपूर मिळतो आणि युरोपीय लोकांचे आतड्याचे आजार त्यांना क्वचित होतात, असं त्याने आणि त्याचा सहकारी ट्रॉवेलने १९७० च्या दशकात मांडलं. त्यानंतर कोंड्याची लाट आली. चाळणीत राहणारा गव्हाचा कोंडा, जो आपण गाईला घालत होतो, तो परदेशात डब्यातून विकला जाऊ लागला.

पण साखरेचं कोडं कोंड्याने सुटलं नाही. ते सोडवलं गवारीने. होय, आपली गवार. तिच्या बियांतून निघणारा डिंक डेव्हिड जेन्किन्स या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वापरला. १९७८ च्या त्यांच्या प्रयोगात लोकांना ५० ग्रॅम ग्लुकोज प्यायला दिलं, कधी नुसतं, कधी त्यात वेगवेगळे तंतू मिसळून. पदार्थ जितका चिकट, तितकी रक्तातली साखर कमी चढली. गवारीचा डिंक सगळ्यांत पुढे होता. मग त्यांनी एक नामी गोष्ट केली: त्याच डिंकाचे रेणू तोडून त्याचा चिकटपणा घालवला आणि पुन्हा दिला. परिणाम गायब! म्हणजे गुण नुसत्या चोथ्याचा नव्हता, बुळबुळीतपणाचा होता. जठर सावकाश रिकामं होतं, लापशीसारख्या घट्ट मिश्रणातून साखर आतड्याच्या भिंतीपर्यंत रेंगाळत पोचते. एवढीच यंत्रणा, पण ती पटायला हा प्रयोग लागला.

मेथीचा चिकटा गवारीच्याच जातीचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या शर्मांनी १९९० मध्ये टाइप १ मधुमेहींना तेल काढलेल्या मेथीची पूड दिली आणि साखर उतरलेली दाखवली. मात्रा किती? रोज १०० ग्रॅम, दोन जेवणांत विभागून. बाळंतिणीचा मेथीचा लाडू ज्याने चाखलाय, त्याला या आकड्यातला कडवटपणा वेगळा सांगायला नको. त्यामानाने रात्री चमचाभर मेथ्या भिजत घालणारे आपण फारच स्वस्तात सुटतो, आणि गुणही तेवढ्याच बेताने येतो.

वजनाची गोष्ट जरा ओशाळवाणी आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत गवारडिंकाच्या गोळ्या 'पोटात फुगतात, भूक मारतात' म्हणून खपल्या. त्या पोटात जाण्याआधी अन्ननलिकेतच फुगल्या, लोक इस्पितळात पोचले आणि सरकारला त्या बंद कराव्या लागल्या. पुढे २००१ मध्ये सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या, तर गवारडिंकाने वजन उतरतं असं दिसलंच नाही. इसबगोलची साखरेची बाजू पक्की आहे. २०१५ च्या अशाच एका एकत्रित तपासणीत ज्याची साखर जास्त बिघडलेली, त्याला जास्त फायदा झाला. ज्याची ठीक होती, त्याला जवळपास काहीच नाही. भूक थोडी आवरते, जेवण थोडं कमी जातं. इंजेक्शनशी बरोबरी करणं मात्र दुकानदाराचं काम.

आपल्याकडे गंमत अशी की बुळबुळीतपणाशी आपलं जुनं वैर. भेंडीची तार तुटावी म्हणून आई अजून कढईत आमसूल टाकते. गवार तुर्भ्याच्या मार्केटमधून घरी येते ती कोवळी हवी, बी धरलेली नको. आणि डिंक तर त्या बियांतच असतो.

माझ्या वडिलांना टाइप २ मधुमेह आहे. ते इसबगोल रात्री झोपताना घेत, जुन्या सवयीने. जेन्किन्सने तंतू ग्लुकोजमध्येच मिसळून दिला होता. साखर अडवायची तर तो जेवणाच्या वेळी पोटात असायला हवा, झोपेत नाही. डॉक्टरांना विचारून वेळ बदलली, बाकीच्या गोळ्या दोन तास आधी घेतल्या. आता स्टीलचा ग्लास दुपारच्या पानाशेजारी असतो, पाण्याने काठोकाठ. ढवळलं की लगेच प्यावं लागतं. मध्येच फोन आला, तर बोलणं संपेस्तोवर आत खळ झालेली असते आणि ती चमच्याने खावी लागते.