‘लाखो निकाल म्हणजे लाखो स्पर्धक’: खरंच का?

वर्षानुवर्षं फिरणारा एक सल्ला असा: नव्या विषयावर वेबसाइट काढायची, तर आधी तो विषय सर्च करा. ‘सुमारे इतके लाख निकाल’ दिसले तर नाद सोडा. आकडा लहान असेल तर मैदान मोकळं.

सल्ला पटतो, कारण हाती एक आकडा मिळतो. पण ‘सुमारे’ हा शब्द तिथे उगाच नाही. तो सर्च इंजिनचा ढोबळ अंदाज असतो. ‘कुंडीतली भाजी’ शोधा आणि पानं उलटत शेवटपर्यंत जा. यादी बहुतेक वेळा काही शे निकालांतच संपते. तेच शब्द अवतरणचिन्हांत टाका, आकडा बदलतो. विषय मात्र तोच.

खरी स्पर्धा असते पहिल्या दहा निकालांत, कारण बहुतेक वाचक तिथेच थांबतात. ब्राउझरच्या खासगी विंडोत शोधा, म्हणजे तुमच्या जुन्या शोधांचा प्रभाव कमी होईल. मग प्रत्येक पान उघडून वाचा. दुकानं आहेत, व्हिडिओ आहेत, की याच विषयाला वाहिलेली साइट? मेथी कधी पेरायची हे सगळ्यांनी सांगितलंय, पण कोकणातल्या पावसात कुंड्यांचं काय करायचं हे कुणीच नाही, असं आढळलं तर ती तुमची जागा. या वाचनाला दोन संध्याकाळी द्याव्यातच, असं मला मनापासून वाटतं.

आणि लहान आकडा? कदाचित तो विषय कुणी शोधतच नसेल. टाइप करताना खाली सूचना येतात का, पाहा. ‘गांडूळखत’ आणि ‘गांडूळ खत’ दोन्ही लिहून बघा; रोमन लिपीतही, कारण कित्येक मराठी माणसं तसंच टाइप करतात.