‘हे यंत्र बंद करू नका’ : वेबच्या शब्दांमागची पार्श्वभूमी

जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत १९९० च्या अखेरीस नेक्स्ट कंपनीच्या एका काळ्या संगणकावर हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली होती. लाल शाईत मजकूर होता: हे यंत्र सर्व्हर आहे, याची वीज बंद करू नका. तेव्हा जगातली सगळी वेब त्या एकाच यंत्रावर होती. कुणी जाता जाता बटण दाबलं असतं, तर वेब बंद पडली असती.

सर्व्हर म्हणजे काय, हे त्या चिठ्ठीइतकं सोपं करून मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. तो काही वेगळ्या जातीचा संगणक नसतो. कुणीतरी काहीतरी मागेल आणि ते आपल्याला द्यायचं आहे, म्हणून सदैव चालू ठेवलेला संगणक म्हणजे सर्व्हर. मागणारा तो क्लायंट. तुमच्या हातातला फोन वेबवरचं एखादं पान उघडतो, तेव्हा तो क्लायंट असतो.

नवशिक्यांना हे शब्द बहुतेक वेळा व्याख्यांच्या यादीसारखे पाठ करायला दिले जातात. ते डोक्यात टिकत नाहीत, आणि तो शिकणाऱ्याचा दोष नाही. यातला जवळजवळ प्रत्येक शब्द कुणाच्या तरी अडचणीतून जन्मला आहे. समोर अडचण होती, तोडगा सापडला, मग घाईघाईत जवळचा एखादा शब्द उचलून त्याला चिकटवला गेला. काही शब्द चपखल बसले, काही चक्क चुकीचे बसले. अडचण कळली की शब्द आपोआप कळतो.

पहिला गोंधळ इंटरनेट आणि वेब या दोन शब्दांचा. रोजच्या बोलण्यात आपण ते एकाच अर्थाने वापरतो. प्रत्यक्षात त्यांच्या वयात वीसेक वर्षांचं अंतर आहे. इंटरनेट म्हणजे संगणकांना जोडणारी वाट. वेब म्हणजे त्या वाटेवरून ये-जा करणारी, एकमेकांशी दुव्यांनी बांधलेली पानं. ईमेलही त्याच वाटेने जातो, पण तो वेब नाही. पत्त्यात @ हे चिन्ह घालून एका संगणकावरून दुसऱ्यावर संदेश पाठवण्याची रीत रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्येच पाडली होती.

ही वाट पहिल्यांदा चालून पाहिली गेली ती २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री. लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संगणकाला ‘लॉगइन’ हा शब्द एकेक अक्षर करून धाडायचा होता. एल गेलं, ओ गेलं, आणि पलीकडचा संगणक कोसळला. अर्पानेट या जाळ्यावरचा पहिला संदेश असा दोन अक्षरांचा ठरला. तासाभराने पुन्हा प्रयत्न झाला आणि पूर्ण शब्द पोचला.

या जाळ्यामागची खरी कल्पना पॅकेटची. टेलिफोनवर दोघं बोलत असताना त्यांच्यातली तार त्यांच्यासाठीच अडकून राहते, गप्प बसले तरीही. संगणकांचं बोलणं तुटक असतं. त्यांच्यासाठी तार अशी अडवून ठेवणं परवडणारं नव्हतं. अमेरिकेत पॉल बॅरन आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांना १९६० च्या दशकात एकमेकांना न विचारता एकच उत्तर सुचलं: संदेशाचे लहान तुकडे करायचे, प्रत्येकावर पत्ता घालायचा आणि मोकळा दिसेल त्या रस्त्याने सोडून द्यायचे. त्या तुकड्यांना पॅकेट हे नाव डेव्हिस यांनी दिलं, लहानसं पुडकं या साध्या अर्थाने. मराठीत तो शब्द पाकीट होऊन केव्हाच घरचा झाला आहे, त्यामुळे आपल्याला ही कल्पना समजायला जड जाऊ नये.

पाकिटं कशी बांधायची, पत्ता कुठे लिहायचा, एखादं हरवलं तर काय करायचं, हे दोन्ही टोकांनी आधी ठरवून घ्यावं लागतं. त्या ठरावाला प्रोटोकॉल म्हणतात. राजदूतांच्या शिष्टाचारातला हा शब्द इथे आला, आणि तो योग्यच आला. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये वेगवेगळ्या जाळ्यांना एकमेकांशी बोलता येईल असा ठराव मांडला. त्यातूनच पुढे पाकिटं पूर्ण पोचवणारा टीसीपी आणि पत्ता पाहणारा आयपी ही ठरावांची जोडी आली. जाळ्यांचं जाळं, म्हणून इंटरनेट. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने जुनी पद्धत सोडून ही जोडी स्वीकारली.

आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यावरच्या संगणकाचा पत्ता, ० ते २५५ मधल्या चार संख्यांचा. त्यातून सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. तेव्हा ते पुष्कळ वाटले असणार. पुढे अपुरे पडले, म्हणून आयपीची सहावी आवृत्ती आली. पण माणसाची अडचण निराळीच होती: आकडे लक्षात राहत नाहीत. सुरुवातीला सगळ्या संगणकांची नावं आणि त्यांचे आकडे एका फाइलमध्ये असत. ती फाइल स्टॅनफर्डच्या त्याच संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा गट सांभाळे आणि बाकीचे सगळे तिची प्रत उतरवून घेत. जाळं वाढलं तशी ही एकहाती वही पुरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस, म्हणजे डोमेन नावांची व्यवस्था आखली. सगळी नावं एका ठिकाणी न ठेवता प्रत्येक शाखेने आपापल्या नावांची वही ठेवायची, अशी तिची रचना. डोमेन म्हणजे अधिकारक्षेत्र. म्हणूनच डोमेनचं नाव उजवीकडून डावीकडे वाचायला शिकावं. शेवटचा भाग सर्वांत मोठा अधिकार सांगतो आणि डावीकडे जावं तसे अधिकार लहान होत जातात. एखाद्या प्रसिद्ध संस्थेचं नाव डोमेनच्या नावात डावीकडे आहे, पण उजवं टोक भलतंच आहे, तर ते पान त्या संस्थेचं नाही. फसव्या दुव्यांपासून वाचायला एवढी एक सवय खूप कामी येते.

आता वेबकडे वळू. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा शब्द आहे लिंक, म्हणजे दुवा. १९४५ मध्ये व्हॅनिव्हर बुश यांनी मेमेक्स नावाच्या यंत्राचं स्वप्न मांडलं होतं. माणूस एका विचारावरून दुसऱ्यावर उडी मारतो, तशी कागदपत्रांतूनही मारता यावी, ही त्यांची इच्छा. टेड नेल्सन यांनी १९६० च्या दशकात अशा मजकुराला हायपरटेक्स्ट हे नाव दिलं. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माऊस हातात धरून दुव्यांवरून फिरून दाखवलं. कल्पना एवढी जुनी असूनही ती जगभर पसरायला आणखी दोन दशकं लागली.

मार्च १९८९ मध्ये सर्नमधल्या टिम बर्नर्स-ली यांनी आपल्या वरिष्ठांकडे माहिती दुव्यांनी जोडण्याचा एक प्रस्ताव दिला. सर्नमध्ये हजारो माणसं येत-जात. कुणाची माहिती कुठल्या संगणकात आहे, हे माणूस गेला की कळेनासं होई. त्यांचे वरिष्ठ माइक सेंडाल यांनी प्रस्तावावर शेरा मारला: मोघम, पण उत्सुकता वाढवणारं. नेल्सन यांच्या स्वप्नात दुवे दोन्ही बाजूंनी जोडलेले होते. ज्याच्याकडे दुवा जातो, त्यालाही तो ठाऊक असायचा. बर्नर्स-ली यांनी ही अट सोडून दिली. तुम्ही माझ्या पानाकडे दुवा द्या, मला विचारू नका, मला कळवूही नका. या एका सवलतीमुळे वेब वाढली. तिची किंमतही ठरलेलीच होती: मी माझं पान हलवलं तर तुमचा दुवा अधांतरी राहणार. ‘पान सापडलं नाही’ असं सांगणाऱ्या ४०४ चा जन्म इथला. सर्व्हरच्या उत्तरांना तीन आकडी खुणा असतात. ४ ने सुरू होणारी खूण म्हणजे मागणीतच काही चूक आहे. २०० म्हणजे सगळं ठीक. ५ ने सुरू झाली तर दोष सर्व्हरचा. सर्नमध्ये ४०४ क्रमांकाची एक खोली होती आणि तिच्यावरून हे नाव पडलं, अशी कथा सांगतात. कथा गोड आहे, पण खरी नाही. बर्नर्स-ली यांचे सहकारी रॉबर्ट कायो यांनीच ती खोडून काढली आहे.

वेब उभी राहायला तीन गोष्टी लागल्या. पानाचा पत्ता म्हणजे यूआरएल, पान मागण्याची रीत म्हणजे एचटीटीपी आणि पान लिहिण्याची भाषा म्हणजे एचटीएमएल. पत्त्यातल्या त्या दोन तिरक्या रेघा खरं तर टाळता आल्या असत्या, असं बर्नर्स-ली यांनी पुढे स्वतः मान्य केलं. जगातल्या किती बोटांचे किती क्षण त्यात गेले असतील! एचटीएमएलमधला एम म्हणजे मार्कअप, आणि हा शब्द छापखान्याचा आहे. हस्तलिखित जुळणीला जाण्याआधी संपादक त्यावर खुणा करतो: हे शीर्षक, इथे परिच्छेद, हा शब्द तिरपा. एचटीएमएलचे टॅग म्हणजे नेमक्या त्याच खुणा. १९९१ च्या सुमाराच्या पहिल्या यादीत असे जेमतेम १८ टॅग होते. त्यामुळे ‘एचटीएमएलमध्ये प्रोग्रॅमिंग करतो’ असं कुणी म्हणालं तर ते जरा सैल बोलणं आहे. ही भाषा संगणकाला कामाला लावत नाही, ती मजकुराचा कुठला भाग काय आहे एवढंच सांगते.

वेबची पानं उघडून दाखवणारा प्रोग्रॅम म्हणजे ब्राउझर. हा शब्द पुस्तकं चाळण्यावरून आला, पण पहिला ब्राउझर केवळ चाळण्यापुरता नव्हता. त्यात पान वाचता वाचता बदलताही येई. ही सोय पुढच्या लोकप्रिय ब्राउझरांत राहिली नाही, याची मला मनापासून खंत वाटते. वाचणारा आणि लिहिणारा असे दोन वर्ग तिथेच पडले.

१९९३ मध्ये दोन गोष्टी घडल्या. ३० एप्रिलला सर्नने वेबचं तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुलं केलं. त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांचा मोझेइक ब्राउझर आला. मजकुराच्या ओळीतच चित्र दिसू लागलं आणि शास्त्रज्ञांची वही बघता बघता सगळ्यांची झाली. वेब डिझाइन नावाच्या व्यवसायाची खरी सुरुवात इथून धरायला हवी.

पण एचटीएमएलमध्ये सजावटीसाठी फारसं काही नव्हतं. लोकांनी मग आकडेवारीसाठी बनवलेल्या टेबलांच्या रकान्यांत पानं कोंबली, न दिसणारी एक पिक्सेलची चित्रं घालून जागा सोडली. सजावटीच्या या उणिवेवर होकन व्हियुम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्येच सीएसएसची, म्हणजे कॅस्केडिंग स्टाइल शीट्सची, कल्पना मांडली होती. बर्ट बोस यांच्यासह ती घडवली गेली आणि डिसेंबर १९९६ मध्ये पहिली मान्य आवृत्ती आली. मजकूर एकीकडे, त्याचं रूप दुसरीकडे. नावातला कॅस्केड म्हणजे टप्प्याटप्प्याने उतरणारा धबधबा. ब्राउझरचे नियम, वाचणाऱ्याची पसंती, पान बनवणाऱ्याची रचना असे अनेक प्रवाह एकत्र येतात आणि कुणाचं चालणार, ते ठरलेल्या क्रमाने ठरतं. आपण लिहिलेला रंग पानावर का दिसत नाही, या नवशिक्याच्या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा याच शब्दात असतं.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं नाव मात्र दिशाभूल करतं. ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये दहा दिवसांत तिचा पहिला नमुना लिहिला. आधी मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट आणि शेवटी, जावा या भाषेचा तेव्हा बोलबाला होता म्हणून, जावास्क्रिप्ट. दोन्ही भाषा वेगळ्या आहेत. नावाची चूक तर थेट नियमातही शिरली आहे. तुम्ही कुठल्या पानावरून आलात हे सांगणाऱ्या एचटीटीपीच्या नोंदीत ‘रेफरर’चं इंग्रजी स्पेलिंग एक आर गाळून लिहिलं गेलं, आणि ते इतकं पसरलं की तसंच कायम ठेवावं लागलं.

कुकीचं प्रकरण जास्त विचार करण्याजोगं आहे. एचटीटीपीला स्मरण नाही. तुम्ही एक पान मागितलं, मिळालं, संपलं. दुसरं मागताना सर्व्हरसाठी तुम्ही पुन्हा अनोळखी. माहिती वाचण्यापुरतं हे ठीक होतं, पण ऑनलाइन दुकानात टोपलीत टाकलेली वस्तू पुढच्या पानावर विसरली जाऊन कसं चालेल? नेटस्केपमधल्या लू मॉन्टुली यांनी १९९४ मध्ये उपाय काढला: सर्व्हरने एक छोटी चिठ्ठी ब्राउझरकडे द्यायची आणि ब्राउझरने पुढच्या प्रत्येक मागणीसोबत ती दाखवायची. प्रोग्रॅमरांमध्ये अशा खुणेच्या चिठ्ठीला मॅजिक कुकी म्हणायची पद्धत होती, त्यावरून नाव पडलं. म्हणजे मूळ हेतू ओळख लक्षात ठेवण्याचा होता. पण एका पानात दुसऱ्याच सर्व्हरवरची जाहिरात बसू लागली, आणि त्या सर्व्हरची चिठ्ठी शेकडो संकेतस्थळांवर तुमच्या मागे फिरू लागली. आज कुकी स्वीकारायची का, असं अनेक संकेतस्थळं विचारतात. तिथे ‘आवश्यक’ कुकी म्हणजे ती टोपलीची चिठ्ठी; बाकीच्यांना नकार देताना बिचकायचं कारण नाही.

पिक्सेल म्हणजे चित्राचा घटक. हा शब्द १९६५ मध्ये अवकाशयानांनी पाठवलेल्या छायाचित्रांच्या संदर्भात छापला गेला, म्हणजे वेबपेक्षा तो बराच जुना. छापील कागदाची सवय असलेल्या डिझाइनरांनी पानाची रुंदी पिक्सेलमध्ये ठोकून बसवली, आणि २००७ मध्ये आयफोन आल्यावर ती पानं छोट्या पडद्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत दिसू लागली. २५ मे २०१० रोजी ईथन मार्कॉट यांनी एका लेखात रिस्पॉन्सिव्ह डिझाइन हे नाव दिलं: लवचिक रकाने, लवचिक चित्रं आणि पडद्याची रुंदी पाहून बदलणारे सीएसएसचे नियम. पडदा बदलला की पानाने त्याला प्रतिसाद द्यायचा.

सर्नने २०१३ मध्ये वेबवरचं पहिलं संकेतस्थळ त्याच्या मूळ पत्त्यावर पुन्हा मांडलं. चित्र नाही, रंगसंगती नाही, फक्त मजकूर आणि दुवे. संगणकावर ते उघडा आणि ब्राउझरची खिडकी कडेने धरून अरुंद करत न्या. कुणीही रुंदी ठरवून दिलेली नसल्यामुळे प्रत्येक ओळ आपोआप मोडते आणि उरलेल्या जागेत बसते.