मोबाइलवरचा ईमेल: ब्राउझर मागे का पडला?

फोनवर ईमेल पाहायचा म्हणजे ॲप उघडायचं, हे आज इतकं अंगवळणी पडलंय की ब्राउझर मागे पडला तो कमी प्रतीचा होता म्हणून, असंच बहुतेकांना वाटतं. मला हे पटत नाही.

पहिला आयफोन २९ जून २००७ रोजी विक्रीला आला. त्यात ॲपलचं स्वतःचं मेल ॲप होतं, पण बाहेरच्यांना ॲप बनवायची मुभा नव्हती. सफारी या आयफोनच्या ब्राउझरमध्ये चालतील अशी वेब ॲप बनवा, असं स्टीव्ह जॉब्स यांनी त्याच महिन्यात डेव्हलपरांना सांगितलं होतं. जुलै २००८ मध्ये ॲप स्टोअर आलं आणि वारं फिरलं.

गूगलने तरीही वेबची वाट सोडली नाही. एप्रिल २००९ मध्ये जीमेलची जी नवी मोबाइल वेब आवृत्ती आली, ती अलीकडची पत्रं फोनमधल्याच डेटाबेसमध्ये साठवून ठेवायची. रेंज गेली तरी ती ब्राउझरमध्ये वाचता यायची. त्या काळाच्या मानाने हे काम फार मोठं होतं, आणि त्याची म्हणावी तशी नोंद झाली नाही.

आपल्याकडे तर ब्राउझरवाचून गत्यंतरच नव्हतं. पुष्कळ साध्या फोनांमध्ये देवनागरी फाँट नसायचा, मराठी मजकुराच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. ऑपेरा मिनी या ब्राउझरच्या सेटिंगमध्ये एक पर्याय चालू केला की ऑपेराचा सर्व्हर अक्षरांची चित्रं करून पाठवायचा, आणि त्याच फोनवर मराठी वाचता यायचं.

वेबचं घोडं अडलं ते नवी मेल आल्याची वर्दी देण्यापाशी. ब्लॅकबेरी फोनने नाव कमावलं ते याच सोयीवर. जून २००९ मध्ये आयफोनवर नोटिफिकेशनची सेवा सुरू झाली, पण ती फक्त ॲपसाठी. वेबपानाला तिथे प्रवेशच नव्हता. म्हणून नोव्हेंबर २०११ मध्ये जीमेलचं आयफोन ॲप आलं तेव्हा आत बहुतांश जुनं वेबपानच होतं, त्याला बाहेरून ॲपचं कवच चढवलेलं. त्यातही नेमका नोटिफिकेशनमध्येच दोष निघाला. ॲप त्याच दिवशी मागे घेतलं गेलं आणि दोन आठवड्यांनी परत आलं.

नुसतं ॲप असूनही भागत नसे. मार्च २०१२ मध्ये आयफोनवर आलेलं स्पॅरो हे देखणं मेल ॲप नोटिफिकेशनविनाच आलं. पडद्यामागे चालू राहून मेल तपासण्याची जी पद्धत त्याला हवी होती, ती ॲपलने मंजूर केली नाही. जुलैत गूगलने स्पॅरो विकत घेतलं. दार कुणासाठी उघडायचं हे फोन बनवणाऱ्याच्या हाती होतं, आणि या सगळ्या इतिहासात मला तेच निर्णायक वाटतं.

आयफोनवर वेब ॲपना नोटिफिकेशन पाठवता येऊ लागलं ते थेट मार्च २०२३ मध्ये, आयओएस या आयफोनच्या प्रणालीच्या १६.४ आवृत्तीपासून. तेही वापरणाऱ्याने ते वेब ॲप आधी होम स्क्रीनवर आणून ठेवलं असेल तरच.