हेडलाइट हवाबंद करायचा नसतो

“हेडलाइट उघडला की सगळीकडून सिलिकॉन भरा, मागची भोकंही बुजवा, वाफ धरणार नाही,” हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. हेतू चांगला आहे, पण परिणाम उलटा होतो.

दिवा तापला की आतली हवा फुगते, निवला की आकसते आणि बाहेरची हवा ओढते. त्यासाठीच मागे रबरी नळी किंवा जाळीदार झाकण असतं. ते बुजवलं तर आत शिरलेला ओलावा बाहेर पडत नाही.

बंद करायची ती फक्त काच आणि बॉडीमधली खाच. जुना चिकट थर काढा, ब्यूटाइलची (चिकट, मऊ रबराची) नवी दोरी बसवा, गरम करून दाबा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन टाळाच. त्याची वाफ रिफ्लेक्टरचा मुलामा खराब करू शकते.

तपासायचं असेल तर पाणी मारा. काचेच्या आतून धरलेलं पुसट धुकं दिवा चालू ठेवल्यावर विरलं तर ठीक. आतून थेंब ओघळले तर खाच किंवा बल्बमागचं झाकण गळतंय.